चोचीतून सांडेल ते

"गाणं त्याचं, चोच तुझी, दाणा आपला."

डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि मैना माणसांसारख्या बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. एका गायकाच्या ओसरीवर बसून एक शेठ दुसऱ्या शेठला हे म्हणाला आणि दोघेही पोट धरून हसले. गायक पाहुण्यांसाठी विड्याची पानं आणायला गेला होता. दाराआड त्याची नवी नवरी तांदूळ निवडत होती, हे शेठांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचा हात सुपातच थांबला.

पण आधी या शेठांचं सांगायला हवं.

पूर्वी त्या मुलखात कुणाकडे कार्य निघालं की गायकाला बोलावणं जायचं. तो डफ घेऊन यायचा, गायचा आणि त्या दिवशी त्या घरात कानावर पडलेला एखादा बोल शेवटच्या चरणात गुंफायचा. तशी रीतच होती. म्हातारीची कुरकुर असो की लेकराचा हट्ट, गाण्यात आला की घर खूश. निघताना गायकाला सूपभर धान्य मिळायचं.

मग हे दोघे आले. मैनाशेठकडे पिंजरे भरून मैना होत्या. एकदा ऐकलेलं गाणं त्या जसंच्या तसं म्हणायच्या, आणि एक मैना हव्या तेवढ्या मैनांना ते शिकवायची. गाणेशेठ गायकांच्या दारोदार फिरून गाणी घ्यायचा. बघता बघता घरोघरी वळचणीला मैना बसली. सांगाल तेव्हा गायची. त्याबद्दल दर पुनवेला गायकाच्या नावाने शेठांच्या गाडीत मूठभर धान्य टाकायचं. लोकांना सोयीचं पडलं, आणि खरं सांगायचं तर गाणं गोडही होतं.

गायकाचं हरवलेल्या वासराचं गाणं तर मुलखाच्या टोकापर्यंत गेलं. करार साधा होता. "मैना दाणा खाताना चोचीतून जे सांडेल, ते सगळं तुझं," असं गाणेशेठने सांगितलं होतं. गायकाला वाटलं, पाखरं सांडतात किती! आपलं कोठार भरून जाईल.

पण शिकवलेली मैना सांडत नाही.

नवरीच्या माहेरीही हेच गाणं वाजायचं. मोठ्या घरी पडलीस म्हणून मैत्रिणींनी तिला चिडवलं होतं. इथे येऊन बघते तर कोठारातले उंदीरसुद्धा जेवायला शेजारी जात होते. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

एकदा ती कुंभारआजीकडे ज्वारी उसनी मागायला गेली. आजी चाकावरून उठलीच नाही.

"चेष्टा करतेस होय गं म्हातारीची? दर पुनवेला तुझ्या दादल्याच्या नावानं मूठ घालते मी. अख्खा मुलूख घालतो. तुमच्याकडं तर धान्य ठेवायला जागा नसेल."

"जागा आहे, आजी," नवरी म्हणाली. "जागा भरपूर आहे."

आजीने चाक थांबवलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता टोपली भरून दिली.

त्याच दिवशी जेवताना गायक म्हणाला, "आता एवढं नवं गाणं दिलं की डफ खुंटीला. शेठना गाडीवर हमाल हवाय. निदान धान्याच्या जवळ तरी असेन."

नवरीने त्याच्या हाताकडे पाहिलं. एरवी त्याची बोटं ताटावरसुद्धा ठेका धरायची. आमटी गार झाली तरी थांबायची नाहीत. त्या दिवशी ताट मुकं होतं. तिला अन्नापेक्षा तेच जास्त लागलं.

आणि आज शेठ आले होते. लोक वासराला कंटाळले होते, नवं गाणं हवं होतं. गायकाने ओसरीवर ते गाऊन दाखवलं तेव्हा नवरी दाराच्या फटीतून बघत होती. तो गात होता आणि शेठ गाडीच्या मोडक्या आसाबद्दल बोलत होते. गाणं संपायच्या आधीच "छान, छान" म्हणून मोकळे झाले. मग गायक पानं आणायला गेला आणि ते वाक्य झालं.

विडा खाऊन, सोबत आणलेले पिंजरे तिथेच ठेवून शेठ उठले. "शिकवून ठेव पाखरांना. परवा नेतो."

ते वळणाआड गेल्यावर नवरी म्हणाली, "अहो, तुमच्या गाण्याला शेवटचा चरण नाही."

"पाखरांच्या गाण्याला कसला आलाय चरण? कुणाच्या घरचा बोल घालू?"

"आपल्या घरचा घाला. आज पडलाय एक कानावर."

तिने तो सांगितला. गायक म्हणाला, "अगं, पण शेठांनी ऐकलं तर?"

"ते गाणं ऐकत नाहीत. ते मुठी मोजतात."

गायकाची बोटं हळूच डफाकडे गेली. पिंजऱ्यातल्या मैना कान देऊन बसल्या.

पुनवेला घरोघरी नवं गाणं वाजलं आणि शेवटी चरण आला:

*गाणं त्याचं, चोच तुझी, दाणा आपला गं,*
*सांडेल जो चोचीतून, तो त्याला राखला गं.*

कुंभारआजीने मूठ भरली होती. ती गाडीकडे निघाली, दोन पावलांवर नवरीची ती 'भरपूर जागा' आठवून थबकली आणि गायकाच्या दारी आली. तिच्या मागून गाव आलं. कुणी ओंजळ आणली, कुणी सूप. कुणी म्हणालं, "पुढच्या महिन्यात आमच्याकडं बारसं आहे. मैना राहू दे, तुम्हीच या. आमच्या घरचा बोल घाला." मैनांनाही कुणी हाकललं नाही. पाखराच्या पोटापुरती चिमूट वळचणीला ठेवली, म्हणजे झालं. उंदीरही घरी परतले.

रिकामी गाडी घेऊन शेठ तणतणत ओसरीवर आले. "आमची मुलखात नाचक्की केलीस. कुणी घातलं हे गाण्यात?"

गायक खाली बघू लागला. तेव्हा दाराआडची नवरी पदर सावरून पहिल्यांदाच ओसरीवर आली.

"शब्द तुमचेच आहेत, शेठजी," ती म्हणाली. "या घरात कानावर पडले, रीतीप्रमाणे गुंफले. आणि शब्द तुमचे म्हटल्यावर वाटाही तुमचा आलाच. मैना दाणा खाताना चोचीतून जे सांडेल, ते सगळं तुमचं."

लहानथोरांनी यातून एवढंच घ्यावं: ज्याच्या नावाने मूठ मागावी, ती आधी त्याच्याच पदरात पडावी.