रेडकाच्या कानातले गोचीड

माळाला कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. म्हशींच्या कळपात साळुंक्या गोचीड टिपायला येत. कळपाच्या सभेचा ठराव असा, की त्यांनी मोठ्यांच्याच पाठीवर बसायचं. रेडकांचं पुढच्या वर्षी बघू.

चांदी म्हशीचं रेडकू गोचिडांनी सुकत चाललं होतं. आपणच उगाच घाबरतोय का, असं मनाला विचारत ती म्होरक्या रेड्याकडे गेली.

“भाऊजी, यंदा काही होईल?”

“होईल की. विषय सभेपुढे आहे. तुम्ही आया फार काळजी करता.”

चांदीने मान डोलावली. रेडकाला म्हणाली, “बाळा, आजपासून काकांच्या कुशीत झोप.”

गोचिडांना ठराव कुठला ठाऊक? साळुंक्या पाठीवरचे टिपत, पण रेडकाकडून आलेले पोटाखाली चढले, आणि आठवड्यात म्होरक्या बाभळीला अंग घासू लागला. सभा त्याने घासता घासताच उरकली, आणि पहिली साळुंकी रेडकाच्या कानाशी बसली.