झिपरीचा बलक

एक राजा होता, आणि त्यानं पिवळ्याधमक बलकाचं अंडं जन्मात पाहिलं नव्हतं. खरंच सांगते. त्याच्या शंभर कोंबड्या पिल्लं असल्यापासून पिंजऱ्यातच वाढलेल्या. त्यांच्या अंड्यांचा बलक पेजेसारखा फिकट.

एकदा राजा रानात वाट चुकला. भूक लागली म्हणून ठकूबाईच्या झोपडीत शिरला. ठकूबाईला कोणीच नव्हतं, बरं का. एक कोंबडी होती, झिपरी. दिवसभर ती उकिरडा उकरायची.

ठकूबाईनं तव्यावर अंडं फोडलं. राजा ताडकन उठला.

"अगं म्हातारे! आत सूर्य कसा शिरला?"

"बलक आहे तो, महाराज. खा, गार होतंय."

राजानं खाल्लं. बोटं चाटली. मग काय केलं? झिपरीलाच उचललं!

"अंडी रोज न्या, पण तिला ठेवा," ठकूबाई रडायला लागली. "घरात बोलायला तीच आहे हो."

"वाड्यात सुखात राहील ती," राजा म्हणाला, आणि गेला.

मग झिपरीला सोन्याचा पिंजरा. खाली मखमल. खायला बदाम.

पहिल्या दिवशी आचाऱ्यानं अंडं फोडलं. बलक पांढराफटक! दुसऱ्या दिवशी फोडलं. बलकच नाही! तिसऱ्या दिवशी फोडलं, तर आत काही म्हणजे काहीच नाही. नुसता "हुश्श" असा सुस्कारा बाहेर आला. आचाऱ्याच्या हातातला झारा खाली पडला. राणीनं तोंडावर हात ठेवला.

राजा लालबुंद झाला. "फसवते काय मला? उद्या हिचा रस्सा करा!"

ते ठकूबाईला कळलं. ती अनवाणी धावत आली.

"महाराज, हिला उकरायला काय दिलंत?"

"मखमल आहे की!"

"मखमलीत किडे असतात का? एक दिवस मोकळी सोडा. मग काय ते करा."

मग पिंजरा उघडला. झिपरीनं आधी राणीचा मोगऱ्याचा वाफा उकरला. मग प्रधानजींच्या पायाखालचं गांडूळ ओढलं. प्रधानजी चौरंगावर चढले! मग दरबाराच्या दारातच धुळीत लोळून पंख झाडले. राजाच्या मिशा मातीनं भरल्या.

दुसऱ्या दिवशी झिपरी आली, राजाच्या मोजडीत बसली आणि अंडं घातलं. ठकूबाईनं डोळे घट्ट मिटले. आचाऱ्यानं फोडलं. टप्!

सगळा मुदपाकखाना केशरी झाला. भिंती केशरी, छत केशरी. "आग! आग!" म्हणत आचाऱ्यानं घागरभर पाणी ओतलं ते थेट राजाच्या डोक्यावर!

राजा ओलाचिंब उभा. रागावला नाही. त्या बलकाकडे बघतच राहिला. मग गेला आणि स्वतःच्या हातानं शंभर पिंजरे उघडले.

कोंबड्या बाहेर आल्या, पण हलेनात. माती माहीतच नव्हती ना त्यांना! एकीनं पाय उचलला. घाबरून परत ठेवला. पुन्हा उचलला. मग जरासं उकरलं. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

ठकूबाई झिपरीला काखेत घेऊन घरी गेली. राजा आता रोज सकाळी तिच्याकडे चालत जातो, मातीत मांडी घालून बसतो. ती म्हणते, "थांबा, अजून घातलं नाही तिनं." आणि राजा थांबतो.

झाली गोष्ट. सगळे सुखात आहेत. आता पाय पोटाशी घ्या आणि झोपा बघू.