मोहोराला साप म्हणणाऱ्या मुंग्या

“मुंग्यांनी खारीच्या पिलाला...” एवढेच फणसावरच्या कावळ्याच्या तोंडून बाहेर पडले आणि वाक्य अर्धे टाकून तो उडाला. खाली बिया वेचणाऱ्या खारीने ते ऐकले मात्र, हातातली बी गळूनच पडली. त्याच राईतल्या आंब्याच्या ढोलीत ती आपल्या एकुलत्या पिलासह राहत असे. दाराशी तांबड्या मुंग्यांचा पहारा. मागे साप चढला, तेव्हा त्यांनीच त्याला चावून चावून खाली पाडले होते. तेव्हापासून मात्र पान हलले तरी त्या बिथरत.

धावत येऊन बघते तर काय! पिलाचे डोळे सुजून मिटलेले, छातीतून शिट्टीसारखा आवाज. भोवती मुंग्याच मुंग्या आणि सगळीकडे पिवळी धूळ. खारीच्या अंगाची आग आग झाली. “मेल्यांनो, कुठाय साप? दाखवा मला!”

“साप नव्हता, खारूबाई,” मुंग्यांची मुकादमीण चाचरली. “वरून काहीतरी पिवळं पडलं. एक ओरडली, साप! मग सगळ्याच धावल्या. पुढ्यात येईल त्याला...”

“अगं, मोहोर तो! दर माघात झडतो! आणि चावलात कुणाला? माझ्या लेकराला?”

तेवढ्यात कावळा परतला. “खवल्या मांजराला सांगावा धाडू? एकदा जीभ फिरवली की मुंगी म्हणून उरायची नाही!”

‘धाड’ हा शब्द खारीच्या अगदी ओठांवर आला. पण तिला सापाची ती दुभंगलेली जीभ आठवली, पिलापासून वीतभर अंतरावरची. दातओठ खात ती मुंग्यांना म्हणाली, “पहारा राहू दे. पण आजपासून आधी हुंगायचं, मगच चावायचं!”

दिवस कलता कलता सूज उतरली. पिलाने एक डोळा उघडला. वाऱ्याने पुन्हा मोहोर झडला, तशा मुंग्या ताठ झाल्या. “हुंगा!” खार कडाडली. त्यांनी हुंगले आणि गुमान जागेवर बसल्या.

“म्हणजे पिलाला खाल्लं नाही होय?” कावळा ओशाळला. “नुसत्या चावल्या? मी तर राईभर सांगून आलो!”

तात्पर्य : राखणदार हवाच, पण साप कुठला नि मोहोर कुठला हे न कळणारा राखणदार घरच्यांच्याच जिवावर उठतो. मुलांनो, आपल्या कातडीत, नाकात, घशातही मास्ट पेशी नावाच्या अशाच पहारेकरणी असतात. त्या साध्या परागाला वैरी समजल्या, की सुजतो आपणच.