चिचुंद्री आणि सहावा बोल्ट

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी! नाक लांब, पाय आखूड. आणि हट्ट केवढा? हत्तीएवढा!

ती राहायची एका लाल मोटारीत. मोटार होती फार फार म्हातारी. मागच्या सीटखाली चिचुंद्रीचं अंथरूण. मऊ मऊ, उबदार उबदार.

मोटार होती गोदाक्का मिस्त्रिणीच्या आबांची. गोदाक्का ती दुरुस्त करत होती. चिचुंद्री दिसली की म्हणायची, "हूट! नाकात वास गेला बाई!"

एक दिवस गोदाक्का म्हणाली, "तीन वर्षं खपले मी. आज मोटार चालली तर चालली. नाही चालली तर संध्याकाळी भंगारवाला नेणार!"

अगं बाई! मग चिचुंद्रीचं अंथरूण?

मोटारीच्या पोटात असतो क्लच. क्लच म्हणजे दोन गोल ताटं. चिकटली की मोटार पळते, सुटली की थांबते. ताटं धरायला सहा बोल्ट. जुने सहा ताणून ताणून थकले होते. म्हणून गोदाक्कानं रसूलचाचांकडून नवे सहा करून आणले.

एक बसवला. दोन बसवले. तीन, चार, पाच बसवले. आणि सहावा?

टिंग! घरंगळ घरंगळ घरंगळ... डुबुक!

गेला की हो गटारात!

गोदाक्का मटकन खाली बसली. "झालं! आता गं?"

चिचुंद्री तुरुतुरु गेली. सायकलचा बोल्ट ओढत आणला.

"हा बारीक. गळून पडेल."

तुरुतुरु गेली. दाराचा बोल्ट आणला.

"हा लांब. आत टोचेल."

तुरुतुरु गेली. पाळण्याचा बोल्ट आणला.

"हा मऊ. वाकेल."

"बसव की गं तसाच! कुणाला कळतंय?"

"मोटारीला कळतं! पाच सारखे, एक वेगळा, की मोटार थरथर थरथर. सहाच्या सहा अगदी सारखे हवेत. आता रसूलचाचांनी नवा केला तरच."

चिचुंद्रीला रडू आलं. पण तिनं नाक पुसलं. लांब नाक, पुसायला वेळ लागला.

"मी आणते! बघच तू!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली रसूलचाचांकडे. चाचांचं लोखंड कातायचं लेथ मशीन केवढं मोठं!

"चाचा, चाचा, बोल्ट करा की!"

"का गं?"

"मोटार हलेना,
मग मी राहू कुठं?"

चाचा म्हणाले, "करतो की! पण पोलादाची सळई लागते. सळईवर बसलाय काळू. काळू उठेल, तर मी बोल्ट करीन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली काळू कुत्र्याकडे.

"काळू, काळू, ऊठ की रे!"

"का गं?"

"बोल्ट होईना,
मोटार हलेना,
मग मी राहू कुठं?"

काळू म्हणाला, "उपाशी पोटी कोण उठतंय? भाकरी मिळेल, तर मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली भाकरीवाल्या हौसामावशीकडे.

"मावशी, मावशी, भाकरी दे की गं!"

"का गं?"

"काळू उठेना,
बोल्ट होईना,
मोटार हलेना,
मग मी राहू कुठं?"

मावशी म्हणाली, "अगं, डब्यात पीठ नाही चिमूटभर! तात्यांची गिरणी फिरेल, तर मी भाकरी देईन."

ऊन कलायला लागलं. चिचुंद्रीचे पाय दुखायला लागले. थांबली का? छे! नावच नको!

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली गिरणीवाल्या तात्यांकडे. तात्या केवढे थोरले! मिशा केवढ्या झुपकेदार! आणि तात्या उभे कुठं? स्टुलावर!

"तात्या, तात्या, गिरणी फिरवा की!"

"का गं?"

"भाकरी मिळेना,
काळू उठेना,
बोल्ट होईना,
मोटार हलेना,
मग मी राहू कुठं?"

तात्या म्हणाले, "कशी फिरवू? खाली बघ ना! झु... झु... झुरळ! झुरळ पळेल, तर मी गिरणी फिरवीन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली स्टुलाखाली. तिथं बसलं होतं झुरळ. त्याच्याही मिशा झुपकेदार.

"झुरळा, झुरळा, पळ की रे!"

"का गं?"

"गिरणी फिरेना,
भाकरी मिळेना,
काळू उठेना,
बोल्ट होईना,
मोटार हलेना,
मग मी राहू कुठं?"

झुरळ म्हणालं, "नाही पळत, जा! एवढे मोठे तात्या मला घाबरले. तू कोण मोठी लागून गेलीस?"

तेवढ्यात रस्त्यावर वाजलं, पों पों! भंगारवाल्याचा टेम्पो आला!

चिचुंद्रीनं पाय आपटला.

"झुरळ पळेना,
गिरणी फिरेना,
भाकरी मिळेना,
काळू उठेना,
बोल्ट होईना,
मोटार हलेना,
आणि सकाळपासून मी खाल्लं काय? काहीच नाही!"

तिचं नाक हललं. हुंग हुंग. हुंग हुंग.

अय्या! झुरळ म्हणजे तर चिचुंद्रीचा खाऊ!

कुर्रम कुर्रम... गट्टम!

झुरळ गेलं, तात्या उतरले. गिरणी फिरली, घर्र घर्र घर्र! पीठ पडलं, भुसभुस भुसभुस. मावशीनं भाकरी थापली, थप थप थप! चिचुंद्रीनं ती काळूला नेली, ओढत ओढत. काळूनं खाल्ली, मचमच मचमच. काळू उठला, सळई तोंडात धरून चाचांकडे पळाला. चाचांचं लेथ फिरलं, सूंऽऽऽ सूंऽऽऽ!

आणि बोल्ट झाला! चकचकीत!

चिचुंद्रीनं तो नाकानं ढकलला. घरंगळ घरंगळ, थेट गोदाक्काच्या पायाशी.

भंगारवाला मोटारीला दोर बांधत होता.

"थांब रे, थांब!" गोदाक्का ओरडली.

तिनं बोल्ट पारखला. जाडीला? बरोबर. लांबीला? बरोबर. वाकतो का? मुळीच नाही! अगदी पाचांसारखा सहावा.

मग पिळले बोल्ट. थोडा इकडचा, थोडा समोरचा. थोडा तिकडचा, थोडा त्याच्या समोरचा. सहाच्या सहा घट्ट!

बाकीची मोटार जोडली. गोदाक्कानं किल्ली फिरवली.

खर्र... खर्र... खर्र...

भुर्रर्रर्र!

चालली! चालली! आबांची मोटार चालली! थरथर नाही की काही नाही. गोदाक्का हसली, रडली, पुन्हा हसली. भंगारवाल्यानं दोर सोडला. रिकामा टेम्पो घेऊन गेला, पों पों.

गोदाक्कानं मोटारीचं दार उघडलं. आज हूट म्हणाली नाही. म्हणाली, "या चिचुंद्रीबाई! मागची सीट तुमची. कायमची!"

आता रोज सकाळी गोदाक्का आधी मागची सीट वाजवते, टकटक. "चिचुंद्रीबाई, उठलात का?"

आतून आवाज येतो, "उठले गं, गोदाक्का!"

मगच ती किल्ली फिरवते.

मोटार गेली भुर्रकन,
गोष्ट संपली सर्रकन!