चुन्याचा पट्टा

देवसळच्या राजांनी लाकडी तलवारींचे सामने भरवले, पण वार लागला की नाही यावरून रोज भांडणं होऊ लागली. शेवटी पंच असलेल्या वस्ताद कुशाबांनी नियम बांधले. तलवारी ओल्या चुन्यात बुडवायच्या. अंगावर पांढरं उठेल तोच वार. आधी पाच वार करील तो जिंकला. मागे हटत कुंपणाला टेकेल तो मात्र तिथंच हरला.

ही नवलाई बघायला सारा गाव लोटला. मानाच्या तलवारीसाठी सरदार हैबतराव आणि पागेतला शिपाई तुळाजी भिडले. चार-चार वार झाले. मग एकच धुरळा उडाला, आणि तो बसला तेव्हा सरदारांच्या पाठीवर नवा पांढरा पट्टा होता.

"या शिपायाचा वार? छट्!" सरदार गरजले. "हा कुंपणाचा चुना आहे."

कुंपण खरंच नुकतं चुन्यानं रंगवलेलं होतं. राजांनी कुशाबांकडे पाहिलं.

"सरदारांचा शब्द आम्हाला प्रमाण," कुशाबा हात जोडून म्हणाले. "तेवढं दवंडीत काय सांगायचं ते सांगा. सरदार वार लागून हरले, की मागे हटत हटत कुंपणाला टेकून हरले?"

सरदारांनी घाम पुसला.

"वार लागला," ते पुटपुटले. "चांगला जोराचा लागला."