अलकाची जागा

"पण वस्ताद, पुढं मी का नको?"

बाबालाल वस्ताद चाकात हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बहीण माझी गेली," रणधीर म्हणाला. "शर्यतीत जिल्ह्यात पहिला मी येतो. लोक मला बघून आलेत."

"लोक अलकासाठी आलेत, गड्या."

अलका पाटणे बालवाडीची बाई होती. रोज याच रस्त्याने सायकलवरून शाळेत जायची. गेल्या वर्षी एक डंपर तिला घासून पुढे गेला... त्या दिवशी ती शाळेत पोचली नाही.

आज तिच्या आठवणीसाठी सारं गाव सायकलवर निघालं होतं. किटल्या लावलेले दूधवाले होते, कॉलेजच्या मुली होत्या, बालवाडीतल्या पोरांचे आईबाप होते. प्रत्येकाच्या पाठीवर एकच पाटी: 'सायकलला हातभर जागा द्या.' रणधीरच्याही पाठीवर.

वस्तादांनी ओळ लावली.

"पहिला मी. दुसरी अलका. तिच्या मागं तू."

"म्हणजे तुमच्या मागं मीच की."

"न्हाई. मधी एका सायकलची जागा. ती मोडायची न्हाई."

घोषणा नाहीत, भोंगे नाहीत. एवढे लोक, आणि ऐकू येत होत्या फक्त साखळ्या. इतकी सुंदर शिस्त क्वचितच बघायला मिळते.

गाव मागे पडलं. समोरून वारा सुटला. शर्यतीत वारा आला की पुढच्याच्या चाकामागे चाक लावतात, आडोसा मिळतो. रणधीर नकळत सरकला.

वस्तादांनी घंटी वाजवली. मागे न बघता म्हणाले,

"मागं."

तो मागे झाला. चढ लागला. जागा पुन्हा भरली.

"मागं."

"चाक आपोआप जातंय, वस्ताद! फट दिसली की घुसायचं, तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलं. आता इसर."

"रिकाम्या जागेनं काय होणार? डंपरवाल्यांना अडवू. मी पुढं जाऊन रस्ता बंद करतो."

वस्तादांनी पुन्हा घंटी वाजवली.

अलका पडली होती तो पूल आला. रणधीरचं चाक पुन्हा वस्तादांच्या चाकाला टेकायला आलं होतं.

वस्तादांनी वेग कमी केला, बाजूला होऊन त्याच्या उजव्या अंगाला आले. आणखी जवळ. कोपराला कोपर लागलं. रणधीरचं हँडल डुगडुगलं. डावीकडे पुलाचा कठडा.

"वस्ताद!... पडेन ना! जागा द्या की!"

वस्ताद लगेच लांब झाले. हातभर.

रणधीर धापा टाकत होता. त्याने वस्तादांकडे पाहिलं. मग समोर, पुलाच्या मोकळ्या डांबराकडे.



वस्ताद पुन्हा पुढे गेले. वारा तोंडावर येत होता, तरी रणधीरने हलकेच ब्रेक दाबला. त्याच्या आणि वस्तादांच्या मध्ये एका सायकलची जागा उघडी झाली. पूल संपला, उतार लागला, तरी ती तेवढीच राहिली.

वस्तादांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. रणधीरकडे नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"ये, अलका," ते म्हणाले. "लई उशीर केलास."