बाहुली आणि चटयांची रांग

डोंगराआडच्या एका गावात एक सुतारीण राहायची. तिने घडवलेली लाकडी बाहुली सांगितलेलं काम करायची. एक पाऊल कमी नाही, एक जास्त नाही.

एका वर्षी गावात विचित्र साथ आली. आधी माणसाचा आवाज जायचा, मग पायापासून अंग दगड होत जायचं. रोज सकाळी काढ्याचा एक घोट मिळाला तरच माणूस वाचायचा.

देवळाच्या मंडपात आजाऱ्यांच्या चटया रांगेने मांडल्या. सुतारिणीचा बापही त्यात होता. रांगेच्या सुरुवातीला शेकोटी होती. कोणी बरं होऊन उठलं की गावकरी मागच्या सगळ्या चटया एकेक जागा पुढे, उबेकडे ओढायचे.

सुतारिणीने बाहुलीला सांगितलं, "पहिल्या जागेपासून सुरू कर. घोट पाज. पायाचा तळवा गरम लागला तर माणूस बरा झाला, त्याला उठव. मग पुढची जागा. अशी शेवटपर्यंत जा."

बाहुली काढ्याचं भांडं घेऊन टक् टक् करत निघाली. मंडपात दुसरा आवाज नव्हता. फक्त डोळे तिच्यामागे फिरत होते.

दुपारी मंडप झाडणारी म्हातारी सुतारिणीकडे आली. "बाई गं, तुझ्या बाहुलीनं कुंभारणीला वगळलं. ओठ कोरडे आहेत तिचे."

"मावशी, तुमची नजर गेलीय. लाकूड कधी विसरतं होय?"

"नजरेनं नाही, बोट लावून बघितलं मी. तू येऊन तर बघ."

"शेवटची जागा झाली म्हणजे सगळे झाले," सुतारीण हसून म्हणाली आणि रंधा मारत बसली.

दुसऱ्या सकाळी ती बापाला भेटायला मंडपात आली. बाप चौथा होता. तिसरा माणूस बरा झालेला. बाहुलीने त्याला उठवलं. लगेच चटया सरकल्या आणि बाप तिसऱ्या जागेवर आला. बाहुली मात्र त्याला ओलांडून चौथ्या जागेकडे वळली.

"अगं, थांब! माझा बाप राहिला!"

बाहुलीने मानही वळवली नाही. "तिसरी जागा झाली," ती म्हणाली.

सुतारिणीने भांडं ओढलं, पण ते सुटेना. सांडू नये म्हणून बाहुलीची मूठ तिनेच घट्ट केली होती. शेवटी तिने शेकोटीतलं लाकूड उचलून ती मूठ फोडली. काढा सांडला, भांड्याच्या तळाशी दोनच घोट उरले. एक तिने बापाला पाजला. त्याच्या पापण्या हलल्या.

दुसरा घेऊन ती कुंभारणीकडे धावली. तिचे डोळे उघडे होते. पण ओठ काही केल्या उघडेनात.

तात्पर्य एवढंच: जागा मोजून काम पुरं होत नाही. कोणी सांगायला आलं, तर आधी उठून माणसाचं तोंड बघावं.